मोबाईल नंबर म्हणजे पेशंट नव्हे!

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत परवा दवाखान्यांच्या कॉम्प्युटरायझेशनवर लेख आला होता, तो वाचला. लेखाचा सूर असा की हल्ली काय, दोन दिवसांत ॲप उभं राहतं, पेशंटचं नाव टाका, मोबाईल टाका, अपॉइंटमेंट द्या, झालं. मी गेली बरीच वर्षं डेटाबेसचंच काम करतोय, त्यात एका ओळखीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकची पेशंट रेकॉर्ड आणि अपॉइंटमेंटची सगळी टेबलं (म्हणजे ओळी आणि कॉलम आखलेले माहितीचे तक्ते) मीच मांडली, मग उसवली आणि परत मांडली, त्यामुळे राहवेना म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कात्री लावलीत तरी राग नाही. दोन दिवसांत उभं राहतं ते स्क्रीन हो. बटणं, रंग, कॅलेंडर. खालची टेबलं चुकली तर ती चूक वर्षानुवर्षं पुरते आणि पहिले सहा महिने तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगतो. आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो, नाव कशाला घ्या. काउंटरवर मोबाईल नंबर विचारला, मी माझा दिला, कारण आई फोन उचलतच नाही, तिचे सगळे फोन माझ्याकडेच येतात. आत डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ॲलर्जी वगैरे काही नाही ना?" तर आई म्हणाली, "पेनिसिलीनची आहे की, मागच्या वेळी तुमच्याकडेच लिहून घेतलंय." डॉक्टर बुचकळ्यात. बघतो तर स्क्रीनवर माझं रेकॉर्ड उघडलेलं. वर नाव माझं, वय माझं, पण घाईत नाव कोण नीट वाचतंय, आडनाव तर तेच. त्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाईल नंबर हीच पेशंटची ओळख होती, आमच्या भाषेत प्रायमरी की, आणि एका नंबरावर दुसरा माणूस टाकायची सोयच नव्हती. मग आईची ॲलर्जी गेली कुठे? रिसेप्शनवरच्या ताईंनी शोधून काढलं, ती आईच्या जुन्या नंबरावर होती जो आम्ही कधीच बंद केला. आता गंमत अशी की बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकते. म्हणजे तो दुसरा माणूस उद्या त्याच दवाखान्यात गेला तर त्याने नंबर सांगितल्या सांगितल्या आईची फाईल उघडणार, पेनिसिलीनसकट. त्या दिवशी डॉक्टरांनी तोंडाने विचारलं म्हणून निभावलं. सॉफ्टवेअरने तर सरळ सांगितलं होतं की ॲलर्जी नाही.

ही चूक करणारा माणूस मूर्ख नव्हता बरं का. त्याने स्क्रीन आधी बघितली असणार, आणि स्क्रीनवर मोबाईल नंबर फार सोयीचा दिसतो, सगळ्यांकडे असतो, पाठ असतो. पण कुटुंबात एक नंबर चार जणांचा असतो, एका माणसाचे तीन नंबर असतात, तान्ह्या बाळाचा तर नसतोच. म्हणून नंबर वेगळ्या टेबलात हवेत, पेशंट कोण, नंबर कोणाचा, नातं काय, आणि रिपोर्टबद्दल या नंबरावर बोललेलं चालेल का हे सगळं तिथे. हा शेवटचा कॉलम बहुतेक जण ठेवत नाहीत आणि मग कोणाचा तरी रिपोर्ट नको त्या माणसाच्या कानावर जातो. आणि कृपा करून फोन नंबर आकडा म्हणून साठवू नका, अक्षरं म्हणून साठवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं, अधिकचं चिन्ह उडतं. फोन नंबरांची आपण बेरीज करणार आहोत का कधी?

पेशंटला क्लिनिकचा स्वतःचा असा एक नंबर हवा ज्याचा कशाशी काही संबंध नाही. त्यात जन्मसाल नको, आडनावाचं अक्षर नको, स्त्री-पुरुष नको, कारण जे जे त्यात घुसवाल ते उद्या बदलतं किंवा चुकीचं निघतं आणि मग नंबर बदलायचा म्हणजे त्याला चिकटलेल्या सगळ्या भेटी, रिपोर्ट, बिलं हलवत बसा. हा नंबर लोक तोंडी सांगतात, कार्डावर बघून टाईप करतात, तेव्हा शेवटी एक तपासणीचा आकडा जोडावा. हॉलंडचे व्हरहूफ म्हणून एक गणिती होते, त्यांनी १९६९ मध्ये अशी पद्धत मांडली की कुठलाही एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर हमखास पकडलं जातं. ७१ चं १७ टाईप झालं की कॉम्प्युटर तिथेच सांगणार की नंबर चुकला, भलत्याची फाईल उघडणारच नाही. थोडासाच कोड आहे तो, पण छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मला क्वचितच दिसलाय.

वयाचं तसंच. वय साठवायचं नसतं, जन्मतारीख साठवायची आणि वय त्यावरून काढायचं, हे पुस्तकात सगळे शिकतात. पण ज्यांना स्वतःची जन्मतारीखच माहीत नाही त्यांचं काय? सॉफ्टवेअर तारीख टाकल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, मग काउंटरवरचा माणूस १ जानेवारी ठोकून मोकळा होतो. एका जुन्या डेटामध्ये मी १ जानेवारीला जन्मलेले लोक मोजले तेव्हा हसू आवरेना, अख्खं गाव त्या दिवशी जन्मलेलं. उपाय साधा आहे, तारखेशेजारी अजून एक कॉलम, की ही तारीख पूर्ण माहीत आहे, फक्त साल माहीत आहे, की अंदाजे आहे. लहान मुलांच्या डोसमध्ये काही महिन्यांनीसुद्धा फरक पडतो, तिथे अंदाजे तारीख पक्की म्हणून दिसणं बरं नाही.

आता मुद्द्याचं. माझं स्वतःचं डिझाईन पहिल्यांदा चुकलं ते पेशंटच्या टेबलात नाही, अपॉइंटमेंटच्या टेबलात. मी काय केलं होतं, एकच टेबल, त्यात पेशंट, डॉक्टर, तारीख, वेळ, तक्रार, निदान, औषधं. आटोपशीर वाटलं. मग डॉक्टर म्हणाले एकदा येऊन बसा काउंटरवर, म्हणून चार दिवस रिसेप्शनच्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि त्यांचं रजिस्टर बघितलं. माझी खात्री आहे की त्या चार दिवसांत जेवढं शिकलो तेवढं आधीच्या चार महिन्यांत नव्हतो शिकलो. रजिस्टरमध्ये वेळ पेनने छापल्यासारखी आणि नावं पेन्सिलने. का? तर नावं हलतात, वेळ हलत नाही. पेशंट आला की नावापुढे टिंब. आत गेला की टिंबाची बरोबर खूण. आला आणि वाट बघून कंटाळून निघून गेला तर टिंबाभोवती गोल. फोन करून नाही म्हणाला तर नावावर एक रेघ, काहीच न कळवता आला नाही तर फुली. दुसऱ्या दिवसावर गेला तर बाण काढून तारीख. आणि मार्जिनमध्ये, वेळेच्या रकान्याच्या बाहेर, अशीच आलेली माणसं, ज्यांनी वेळ घेतलीच नव्हती, ताप फणफणलाय म्हणून थेट आलेली.

मी नुसता बघत राहिलो. माझ्या टेबलात यातलं काहीच बसत नव्हतं. त्यांच्या मार्जिनमधल्या माणसांना माझ्याकडे जागाच नव्हती, कारण अपॉइंटमेंटशिवाय भेट असू शकते हे मी धरलंच नव्हतं. फुलीवाल्यांना माझ्याकडे निदानाचा कॉलम होता आणि तो कायम रिकामा. एका वेळेत आई दोन मुलांना घेऊन आली तर एक अपॉइंटमेंट आणि दोन भेटी. थोडक्यात अपॉइंटमेंट म्हणजे येतो असं दिलेलं कबूल, आणि भेट म्हणजे खरंच जे घडलं ते, आणि मी दोन्ही एका ओळीत कोंबलं होतं. टेबलं वेगळी केली, भेटीच्या टेबलात अपॉइंटमेंटचा नंबर असला तर असेल नसला तर नसेल अशी ठेवली, आणि ताईंच्या प्रत्येक खुणेची एकेक स्थिती केली. बाण म्हणजे नव्या अपॉइंटमेंटच्या ओळीत जुनीचा नंबर. जुनी पुसायची नाही, कारण तीनदा पुढे ढकललेला पेशंट कोणता हे डॉक्टरांना कळायला हवं, काही वेळा तो घाबरून ढकलत असतो.

स्थिती ठेवताना सुद्धा एकदा तोंडावर आपटलोच. मी रद्द अशी एकच स्थिती ठेवली होती. डॉक्टर एक दिवस अचानक आजारी पडले, त्या दिवसाच्या सगळ्या अपॉइंटमेंट रद्द केल्या, आणि सिस्टीममध्ये नियम होता की तीनदा रद्द करणाऱ्याला ऑनलाईन बुकिंग बंद. महिन्याभरात तक्रारी सुरू, माणसं म्हणतायत आम्ही तर एकदाही चुकवली नाही. खरंच नव्हती चुकवली! आमच्याकडून रद्द झालेली त्यांच्या खात्यावर चढत होती. तेव्हापासून कोणी रद्द केलं, कधी केलं, का केलं हे तीन कॉलम मी डोळे मिटून ठेवतो.

डबल बुकिंगबद्दल तुमच्या लेखात एक ओळ होती की सॉफ्टवेअर ते आपोआप टाळतं. आपोआप काही टाळत नाही हो. समजा एक ताई काउंटरवर आहेत आणि एक पेशंट घरून मोबाईलवर बुक करतोय, दोघांनी एकाच क्षणी १०:२० ची जागा बघितली, दोघांना ती रिकामी दिसली कारण ती त्या क्षणी रिकामीच होती, दोघांनी बटण दाबलं आणि दोन्ही ओळी जाऊन बसल्या. प्रोग्राममध्ये आधी तपासा मग लिहा असं कितीही लिहा, तपासणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरतोच. ही राखण डेटाबेसनेच करायची असते. सोपा उपाय म्हणजे डॉक्टर आणि सुरुवातीची वेळ या जोडीला युनिक, म्हणजे एकदाच येऊ शकणारी, करून टाकायचं, मग दुसरी ओळ डेटाबेस घेतच नाही. पण हे तेव्हाच पुरतं जेव्हा सगळ्या अपॉइंटमेंट सारख्याच लांबीच्या आहेत. नव्या पेशंटला चाळीस मिनिटं आणि फॉलो-अपला दहा असं असेल तर १०:०० ते १०:४० वाली आणि १०:२० ते १०:३० वाली, दोघींची सुरुवात वेगळी, युनिकवाला नियम खुशाल दोन्ही घेणार.

दोन वेळा एकमेकींवर येतात की नाही याचा नियम लोक फार गुंतागुंतीचा करतात, चार-पाच प्रकार कागदावर काढतात, आत बसलेली, डावीकडून घुसलेली, उजवीकडून घुसलेली. खरं तर एवढंच बघायचं की पहिली दुसरी संपायच्या आधी सुरू होते का आणि दुसरी पहिली संपायच्या आधी सुरू होते का. दोन्ही हो असेल तर टक्कर. आणि शेवटचा क्षण त्या वेळेत धरायचा नाही, नाहीतर १०:२० ला संपणारी आणि १०:२० ला सुरू होणारी यांचंही भांडण लागतं. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस वापरत असाल तर त्यात २०१२ च्या ९.२ व्हर्जनपासून वेळेची रेंज, म्हणजे इथपासून इथपर्यंत, हाच माहितीचा एक प्रकार (डेटाटाईप) आहे, आणि एका डॉक्टरच्या दोन रेंज एकमेकींवर येता कामा नयेत, रद्द झालेल्या सोडून, असा नियम सरळ टेबलावरच लावता येतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशी तयार सोय नाही, तिथे त्या डॉक्टरची त्या दिवसाची एक ओळ आधी लॉक करायची, म्हणजे तोवर दुसरा कोणी तिला हात लावू शकत नाही, मग तपासायचं, मग लिहायचं, मग सोडायचं. कंटाळवाणं आहे पण चालतं.

एवढं करून मी खूश होतो, आता कोणी मध्ये घुसूच शकत नाही. तर दुसऱ्या दिवशी ताईंनी वही काढली! म्हटलं काय झालं, तर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले त्या आजोबांना मध्येच घ्या, तुमचं मशीन घेत नाही." बरोबरच होतं त्यांचं. दवाखान्यात मध्येच घ्यावंच लागतं, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला पुढचा स्लॉट मंगळवारी आहे असं सांगणार का? मग सुचलं की अरे याला स्लॉट कशाला हवा, हा तर मार्जिनमधला माणूस, याची थेट भेटीची ओळ टाकायची आणि रांगेचा क्रम वेगळा ठेवायचा. टेबलं वेगळी केलेली होती म्हणून हे दहा मिनिटांत झालं. नियम कडक असावा पण त्याला दार असावं, नाहीतर माणसं भिंतीवरून उड्या मारतात आणि मग तुमच्या डेटाबेसमध्ये फक्त शहाण्यासारखे वागलेले पेशंटच सापडतात.

तपासण्यांच्या आकड्यांना हेच लागू. ब्लडप्रेशर १२०/८० असं एका चौकटीत अक्षरं म्हणून लिहून ठेवलं की त्याचा आलेख निघत नाही, वाढलेलं कोणाचं हे शोधता येत नाही, वरचा आकडा एक कॉलम आणि खालचा दुसरा एवढं तरी कराच. वजनाबरोबर एकक हवं, वेळ हवी, कोणी मोजलं ते हवं. पण मर्यादा घालताना भान ठेवा. मी एकदा वरच्या प्रेशरला २२० ची सीमा घातली होती, त्यापुढे आकडा घेईचना, आणि नेमका ज्याचं २३० होतं त्याची नोंद करायच्या वेळी नर्स स्क्रीनशी झगडत बसल्या. अशक्य आकडा अडवा, विचित्र आकड्याला फक्त विचारा की नक्की ना.

आता ॲलर्जीवर परत येतो, कारण माझ्या मते अख्ख्या डेटाबेसमध्ये सगळ्यात धोकादायक जागा तीच आहे. त्या आईच्या प्रसंगात माझ्या रेकॉर्डवर ॲलर्जीची चौकट रिकामी होती आणि सॉफ्टवेअर त्याचा अर्थ नाही असा दाखवत होतं. मला कोणी कधी विचारलेलंच नव्हतं! विचारलं आणि नाही म्हणाला, विचारलंच नाही, आणि विचारलं पण त्याला सांगता येत नव्हतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रिकामी चौकट तिन्ही गिळून टाकते. डेटाबेसमध्ये रिकाम्याला नल म्हणतात आणि नल हा प्राणी फार चमत्कारिक आहे, तो कशाच्याही बरोबर नाही आणि कशापेक्षा वेगळाही नाही, अगदी दुसऱ्या नलच्या सुद्धा बरोबर नाही. ज्यांची ॲलर्जी पेनिसिलीन नाही असे पेशंट दाखव म्हटलं तर ज्यांची चौकट रिकामी आहे ते यादीत येतच नाहीत, ज्यांची पेनिसिलीन आहे ते दाखव म्हटलं तरी येत नाहीत. माणूस दोन्ही याद्यांतून गायब. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून ॲलर्जीचं टेबल वेगळं, प्रत्येक औषधाची वेगळी ओळ, काय होतं तेही लिहा, पुरळ उठतं की श्वास अडकतो, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि पेशंटच्या ओळीत ॲलर्जी कधी विचारली त्याची तारीख आणि कोणी विचारली त्याचं नाव. तारीख नसेल तर स्क्रीनवर ठळक, अजून विचारलं नाही. नाही हा शब्द कोणीतरी विचारल्याशिवाय दिसताच कामा नये.

औषधांच्या यादीचा एक किस्सा आहे, हाही माझाच. औषधांचं मास्टर टेबल, म्हणजे सगळ्या औषधांची मूळ यादी, होतं, चिठ्ठीत फक्त औषधाचा नंबर जायचा, नाव-ताकद मास्टरमधून यायची. नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवायची शिस्त, एकदम चोख, कॉलेजात पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. एक दिवस कोणीतरी मास्टरमध्ये डायबेटीसच्या मेटफॉर्मिन ५०० या गोळीची ओळ उघडून ८५० केली, कारण आता ८५० वापरणार होते. झालं, आजवरच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या एका फटक्यात ८५० च्या झाल्या. कागदावरची चिठ्ठी आणि स्क्रीनवरची चिठ्ठी वेगळी! मास्टर हा आजचा असतो आणि चिठ्ठी त्या दिवशीची असते, तेव्हा चिठ्ठीत नंबराबरोबर त्या दिवशीचं नाव, ताकद, डोस जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. हे वाचून कोणी म्हणेल की ही तर डुप्लिकेट माहिती झाली. नाही झाली. ती वेगळी माहिती आहे, फक्त आज दोन्हीकडे सारखी दिसते.

आणि पुसायचं कधीच नाही. डॉक्टरांनी निदान बदललं तर जुन्यावर नवं लिहायचं नाही, नवी ओळ टाकायची आणि जुनीवर खूण करायची की ही या तारखेला दुरुस्त झाली. कागदावर चांगले डॉक्टर एक रेघ मारून शेजारी सही करतात, खाली काय होतं ते वाचता येतं, तेच इथे. दुहेरी पेशंट सापडले तरी एक उडवायचा नाही, याला त्यात मिळवलं अशी नोंद ठेवायची, कारण कधीतरी कळतं की ते दोन वेगळेच होते, जुळे भाऊ, तीच जन्मतारीख, नावात एका अक्षराचा फरक, आणि मग परत सोडवायला लागतात. कोणी काय बदलले याबरोबर कोणी कोणाची फाईल नुसती उघडून बघितली याचीही नोंद ठेवा. काउंटरला निदान दिसायची गरज नाही, त्यांना फक्त या पेशंटला जास्त वेळ द्या एवढं दिसलं तरी काम भागतं. आजारांना मात्र जमेल तिथे कोड लावा, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत साध्या ब्लडप्रेशरला आय१० आणि टाईप २ डायबेटीसला ई११ आहे, आणि कोडबरोबर कुठल्या आवृत्तीचा कोड ते सुद्धा ठेवा, कारण जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि तिच्यातले कोड पार वेगळे आहेत. पण कोडच्या शेजारी डॉक्टरांचे स्वतःचे शब्दही राहू द्या, कोडमध्ये शंका लिहिता येत नाही.

कोणी म्हणेल एवढा उपद्व्याप कशाला, एक्सेल आहे की. एक्सेल मलाही आवडतं. पण २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोविडच्या रिपोर्टच्या फाईली जुन्या एक्सेल फॉरमॅटमधून जात होत्या, त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत, आणि जास्तीच्या गळून पडल्या. कोणी ओरडलं नाही, लाल दिवा लागला नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ पॉझिटिव्ह माणसं रोजच्या आकड्यांतून गळाली होती, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. छोट्या क्लिनिकला एवढ्या ओळी लागणार नाहीत हे मान्य, पण गुपचूप गळणं तेच असतं. एक कॉलम सॉर्ट केला आणि शेजारचा तसाच राहिला की सगळ्यांचे रिपोर्ट एकमेकांना लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि दवाखान्याचा डेटा काहीतरी नवीन फॅड आहे असंही नाही. रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती अशी टेबलांत मांडायची पद्धत, त्यावरचा संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचा पेपर १९७० चा. त्याच्याही आधी, १९६६-६७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पेशंटच्या नोंदींसाठी म्हणून एक अख्खी प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यातच गुंफलेला डेटाबेस तयार झाला, नाव मम्प्स, म्हणजे शब्दशः गालगुंड, हॉस्पिटलवाल्यांची विनोदबुद्धी! तिची पिल्लावळ अजून हॉस्पिटलांत चालू आहे. म्हणजे लोकांनी साठ वर्षं डोकं आपटून घेतलंय या प्रश्नावर, आणि आपण दोन दिवसांत करणार.

बॅकअपचं थोडक्यात. आमचा रोज रात्री व्हायचा, हिरवी खूण यायची. एकदा खरंच गरज पडली तेव्हा बघितलं तर फाईल शून्य केबी, डिस्क भरल्यापासून रोज रिकामी फाईल बनत होती आणि खूण मात्र हिरवीच. तीन आठवड्यांचं काम कागदांवरून परत टाईप केलं, सगळ्यांनी मिळून. आता महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून बघतो, मागच्या आठवड्यातल्या एका पेशंटची भेट दिसते का ते. आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची यादी छापून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची, वीज गेली, नेट गेलं, तरी दवाखाना चालतो.

माझी एकच विनंती, पुढचा लेख छापाल तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांबरोबर काउंटरवर बसणाऱ्या एखाद्या बाईंनाही विचारा. आमचं सगळं नीट चालायला लागून सहा महिने झाले तरी ताईंच्या कॉम्प्युटरशेजारी ती वही होतीच. मला राग यायचा, म्हटलं अजून विश्वास नाही का. एक दिवस न राहवून विचारलं की ताई, आता वहीत काय लिहिता हो, सगळं तर आत आहे. त्यांनी वही पुढे सरकवली. एका नावापुढे लिहिलं होतं, ऐकू येत नाही, नाव पुकारू नका, जवळ जाऊन हात लावा. दुसऱ्यापुढे, जिना चढवत नाही, खालच्या खोलीत. तिसऱ्यापुढे, मुलाला फोन करू नका, मुलीलाच करा.

त्या संध्याकाळी पेशंटच्या टेबलात एक कॉलम वाढवला आणि तो यादीत नावाच्या लगेच खाली छापायला लावला. वही अजून आहे, पण हल्ली ताई त्यात स्वतःचा हिशोब लिहितात.

कळावे,

आपला,
एक जुना वाचक आणि डेटाबेसवाला